ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखायचं कसं? इंदूरच्या मंडळासाठी नेमकी माहिती हवी आहे

रामबाग_कट्टा

नमस्कार. इंदुरात आमचं ज्येष्ठ मराठी मंडळींचं एक छोटं मंडळ आहे. रामबाग, नारायण बाग, टिळकनगर, लोकमान्य नगर इथली माणसं येतात. बहुतेकांची मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला, घरात दोघंच किंवा एकटंच कोणीतरी. एखादी व्यक्ती यायची बंद झाली की "वय झालं, आता व्हायचंच" म्हणून विषय संपतो. हे थांबवायचं आहे. मंडळातले पाच-सहा जण घरोघरी जाऊन विचारपूस करायला तयार आहेत, पण जाऊन पाहायचं काय आणि बोलायचं काय, हे कुणालाच माहीत नाही.

वयाचा थकवा, जोडीदार गेल्याचं दुःख, विसरभोळेपणा आणि नैराश्य यांतला फरक सामान्य माणसाला कसा कळेल? कुठल्या टप्प्यावर डॉक्टर हवाच? "सकारात्मक राहा" छापाची उत्तरं कृपया नकोत, ती आमच्याकडे भरपूर आहेत.

---

मनोविकार_ओपीडी

चांगला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. साठी-सत्तरीच्या माणसाला "तुम्ही उदास आहात का?" असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच येतं, आणि ते खोटं नसतं. या वयात नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. ते अंगदुखी, गॅस, बद्धकोष्ठ, डोकं जड, हातापायांत त्राण नाही, जीव घाबरतो, तोंडाला चव नाही अशा तक्रारींतून बाहेर येतं. तपासण्या नॉर्मल येतात, डॉक्टर बदलले जातात, फाइल जाड होत जाते. काहींमध्ये चिडचिड हेच मुख्य लक्षण असतं. म्हणून "उदास दिसतात का" हे बाजूला ठेवा आणि या माणसात पूर्वीपेक्षा काय बदललं, ते शोधा. तुलना इतर म्हाताऱ्यांशी करू नका, त्याच माणसाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करा. पोह्यांवर जिरावन मसाला कमी पडला तर कुरकुर करणारा माणूस आता समोर येईल ते दोन घास खाऊन बशी सरकवतो, पेपर घडीसुद्धा न मोडता तसाच पडून राहतो, दाढी चार-चार दिवस वाढते. अशा गोष्टी टिपा.

निदानासाठी नऊ लक्षणं पाहतात: मन खिन्न असणं, कशातच रस किंवा आनंद न वाटणं, भूक किंवा वजनात बदल, झोपेत बदल, हालचाल व बोलणं मंदावणं (किंवा उलट, एका जागी बसवत नाही अशी तगमग), थकवा, आपण निरुपयोगी आहोत किंवा अपराधी आहोत असं वाटणं, एकाग्रता व निर्णयशक्ती कमी होणं, आणि मरणाचे विचार. यांतली किमान पाच, किमान दोन आठवडे, बहुतेक दिवस आणि दिवसातला बराच वेळ हवीत. त्या पाचांत पहिल्या दोनपैकी एक असायलाच हवं, आणि रोजच्या जगण्यात त्यामुळे अडथळा आलेला हवा. एखाद दिवस मूड जाणं यात बसत नाही.

झोपेबद्दल खोलात विचारा. झोप लागायला उशीर होणं हे चिंतेतही होतं. पण पहाटे तीन-चारला जाग येणं, परत डोळा न लागणं आणि ती सकाळ सगळ्यात जड जाणं, मग संध्याकाळी पाच-सहानंतर थोडं हलकं वाटणं, हा नमुना गंभीर नैराश्यात वारंवार दिसतो. यामुळे एक फसगतही होते. तुम्ही संध्याकाळी भेटायला गेलात तर माणूस बरा वाटतो. विचारपूस एकदा तरी सकाळी दहाच्या आसपास करा.

विसरभोळेपणाचं म्हणाल तर तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. नैराश्यात विसरणं काही आठवड्यांत वाढतं. माणूस स्वतःच "माझं डोकं चालत नाही" म्हणून तक्रार करतो आणि काही विचारलं की "माहीत नाही" म्हणून सोडून देतो. स्मृतिभ्रंशात ते महिने-वर्षं हळूहळू वाढत जातं. माणूस ते झाकतो, चुकीचं उत्तरही ठामपणे देतो, तक्रार घरचे करतात. तिसरी गोष्ट म्हणजे एक-दोन दिवसांत अचानक झालेला गोंधळ: दिवस-रात्र कळेना, मधेच शुद्धीवर, मधेच असंबद्ध. हे नैराश्य नव्हे. यामागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं असं काही असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पहिली दोन एकत्रही असतात आणि आयुष्यात पहिल्यांदाच साठीनंतर आलेलं नैराश्य कधी स्मृतिभ्रंशाची चाहूल असते, तेव्हा निवाडा घरी करू नका.

दुःखाबद्दल. जोडीदार गेल्यावर दुःख लाटांसारखं येतं. आठवण निघाली की डोळे भरतात, पण जुनी गंमत सांगताना हसूही येतं, नातवाला पाहून चेहरा उजळतो. स्वतःबद्दलचा मान शाबूत असतो. नैराश्यात सगळं सपाट होतं, नातू आला काय न आला काय सारखंच. आणि "मी सगळ्यांवर भार झालोय" हे पालुपद सुरू होतं. घरोघरी एक समज असतो की वर्षश्राद्ध होईपर्यंत असंच चालायचं. माणूस जेवत नसेल, वजन उतरत असेल, अंथरुण सोडत नसेल किंवा मरणाची भाषा करत असेल तर वर्षश्राद्धाची वाट पाहू नका.

---

फॅमिली_फिजिशियन

वरच्या उत्तरात भर: मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याआधी किंवा सोबतच शरीर तपासून घ्या. हुबेहूब नैराश्यासारखे दिसणारे आजार या वयात बरेच असतात.

रक्तात सीबीसी, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कॅल्शियम. थायरॉइड मंद असेल तर सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, मंद बोलणं, सगळं जुळतं. बी-१२ कडे आपल्या शाकाहारी घरांत खास लक्ष हवं, आणि माणूस मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असेल किंवा ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी रोज घेत असेल तर जास्तच, कारण दोन्हींमुळे बी-१२ चं शोषण घटतं. हातापायांना मुंग्या आणि जिभेची जळजळ असेल तर शंका पक्की धरून तपासा.

पार्किन्सनच्या सुरुवातीला चेहरा निर्विकार होतो, चाल मंदावते, घरच्यांना वाटतं उदास झालेत. चालताना एक हात कमी हलतो का, अक्षर बारीक झालंय का, हे पाहा. आणि कान! ऐकू कमी येणारा माणूस मंडळात यायचं हळूच बंद करतो, कारण चारचौघांत "काय? काय?" करणं नको वाटतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, दारू वाढली आहे का, हेही विचारा. पत्नीच्या पश्चात एकट्या पुरुषांत दारूचं प्रमाण गुपचूप वाढतं.

तपासणीत काही सापडलं म्हणून नैराश्य नाही, असं मात्र धरू नका. थायरॉइडची गोळी सुरू करून, डोस बसल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ताळ्यावर आलं आणि मन तसंच राहिलं, तर त्याचा उपचार वेगळा करायचा असतो. हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेह असलेल्यांत तर नैराश्य जास्तच आढळतं.

---

समुपदेशन_टेबल

मंडळाच्या लोकांसाठी घरी जाऊन बोलण्याची पद्धत लिहिते.

दोघांनी जा, जमावानं नको. त्यांतला एक जुन्या ओळखीचा हवा. सुरुवात सल्ल्यानं करू नका, जे दिसलं ते सांगा: "काका, तीन गुरुवार तुम्ही आला नाहीत. काकू म्हणाल्या जेवणही कमी झालंय. काय होतंय?" आणि मग गप्प बसा. नैराश्यात विचार मंदावलेले असतात, उत्तर यायला वेळ लागतो. आपण ती शांतता भरून काढायला दुसरा प्रश्न टाकतो आणि संधी जाते. मनात दहा आकडे मोजा.

"देवाचं नाव घ्या", "तुम्हाला काय कमी आहे", "मुलं एवढी सेटल झाली, आणखी काय हवं" ही वाक्यं घरीच ठेवून जा. अपराधीपणा हे या आजाराचंच लक्षण आहे, ही वाक्यं त्यात भर घालतात.

प्रश्नावल्या दोन आहेत. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या १४ दिवसांबद्दल नऊ प्रश्न असतात. उत्तराला ० (अजिबात नाही), १ (काही दिवस), २ (निम्म्याहून जास्त दिवस), ३ (जवळजवळ रोज) असे गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे जावं. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर एकूण बेरीज पाहत बसायचं नाही. ज्येष्ठांसाठी मी दुसरी सुचवेन, जीडीएस-१५: पंधरा साधे हो-नाही प्रश्न, पाचपेक्षा जास्त गुण आले की पुढची तपासणी. तिच्यात झोप, भूक, अंगदुखी यांचे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण सत्तरीत ती लक्षणं संधिवातानं किंवा प्रोस्टेटनंही येतात आणि गुण फुगतात. स्मृतिभ्रंश पुढे गेला असेल तर मात्र ही प्रश्नावली भरवशाची राहत नाही. दोन्हींतून संशय कळतो, निदान होत नाही. गुण सांगून माणसाला घाबरवू नका.

आता सगळ्यात अवघड भाग. आत्महत्येबद्दल विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. पायरीपायरीनं विचारा. "जगण्यात राम उरला नाही असं वाटतं का?" हो म्हणाले तर, "सकाळी डोळे उघडलेच नाहीत तर बरं, असं मनात येतं का?" पुन्हा हो आलं तर सरळ, "जीव द्यावा असा विचार येतो का?" आणि शेवटी, "कसं, कधी, काही ठरवलंय का?" आवाज रोजचाच ठेवा. शेवटच्या दोन प्रश्नांना होकार आला तर त्यांना एकटं सोडायचं नाही. घरातला औषधांचा साठा, कीटकनाशकं कुणाच्या तरी ताब्यात द्यायची, मुलांना तिथूनच फोन करायचा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. "कुणाला सांगू नका" असं वचन मागितलं तर देऊ नका. म्हणा, "तुमचा जीव महत्त्वाचा आहे, यात मी गप्प राहणार नाही."

न विचारताही दिसणाऱ्या खुणा: अचानक मृत्युपत्र-एफडीचे कागद लावायला घेणं, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखे फोन करणं, आणि बरेच दिवस तगमगीत असलेला माणूस काहीही कारण नसताना एकाएकी शांत होणं. हे शेवटचं पाहून घरचे निश्चिंत होतात. तेव्हाच जास्त सावध राहायला हवं.

टेली मानस १४४१६ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, भाषा निवडता येते. ज्येष्ठाला स्वतः बोलायचं नसेल तर मंडळाचा माणूसही फोन करून काय करावं ते विचारू शकतो. तातडीला रुग्णवाहिका १०८.

---

रामबाग_कट्टा

खूपच उपयोगी. दोन अडचणी. एक, माणूस म्हणतो "मला काय वेड लागलंय का?" आणि बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की घरचेच बिचकतात. एका घरी सून चहातून गोळी द्यायच्या विचारात आहे. दुसरं, मुलं म्हणतात, "आम्ही रोज व्हिडिओ कॉल करतो, बाबा मस्त दिसतात."

---

मनोविकार_ओपीडी

चहातून गोळी अजिबात नको. कळल्यावर माणूस चहाच काय, घरातलं जेवणही संशयानं पाहतो आणि पुढचे सगळे उपचार अवघड होतात. शिवाय दुष्परिणाम झाला तर तो सांगणार कुणाला, त्याला गोळी चालू आहे हेच माहीत नाही.

जी तक्रार तो स्वतः मान्य करतो ती धरा. बहुतेक जण झोप नाही हे कबूल करतात. "झोपेसाठी दाखवू" म्हणून आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, तेच पुढे पाठवतील. पण मनोविकारतज्ज्ञाकडे नेताना "हे पोटाचे डॉक्टर" असं सांगून नेऊ नका. जाण्यासाठी बाणगंगेचं मानसिक रुग्णालयच हवं असंही नाही. एमवाय (महाराजा यशवंतराव) या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी आहे, बाकीच्या आजारांसारखीच चिठ्ठी काढून दाखवता येतं. वेळ शक्यतो दुपारनंतरची मिळाली तर घ्या, सकाळी त्या माणसाला घराबाहेर काढणंच कठीण असतं. सोबत चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा, नुसती नावं नकोत. आणि डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा: पूर्वी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे आठवडाभर दोन-तीन तासांच्या झोपेवर उत्साहात, भरमसाट बोलणं, उधळपट्टी. तसं असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो आणि त्यात नुसती नैराश्यावरची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. नातेवाईक ही गोष्ट सांगायची हमखास विसरतात.

व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं कुणीही हसून काढतो. मुलांना सांगा, "कसे आहात" ऐवजी ठोस विचारा. आज किती वाजता जाग आली? सकाळी काय खाल्लं? शेवटचं घराबाहेर कधी पडलात, कुठपर्यंत? बीपीच्या गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. पंधराचं पाकीट, दहा दिवसांपूर्वी सुरू केलं आणि बारा शिल्लक, तर उत्तर मिळालं. स्वतःची औषधं घेणं सोडणं ही नैराश्यातली नेहमीची आणि दुर्लक्षित खूण आहे.

---

औषधपेटी

नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल थोडं, कारण उपचार बहुधा इथेच मोडतो.

ज्येष्ठांना डोस कमी देऊन सुरू करतात. उदाहरणार्थ, एस्सिटालोप्रॅम ५ मि.ग्रॅ. किंवा सर्ट्रालिन २५ मि.ग्रॅ. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, थोडी बेचैनी होते, ती बहुतेकांची आपोआप जाते. मनावर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, वयस्करांत कधी जास्तच. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. म्हणून दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणत गोळी बंद होते. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली की माणूस टिकतो.

बीपीसाठी पाण्याची गोळी (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, पुष्कळदा टेल्मिसार्टनसोबत एकाच गोळीत असते) चालू असेल तर तिच्यासोबत या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घसरू शकतं. पहिल्या दोन-चार आठवड्यांत सोडियम तपासायला डॉक्टरांना विचारा. गोंधळ, डोकेदुखी, तोल जाणं ही खूण. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची डायक्लोफेनॅक असेल तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, काळी शौच झाली तर लगेच दाखवा. गुडघेदुखीला ट्रॅमाडॉल घेत असतील तर तेही सांगायलाच हवं.

बरं वाटल्यावर गोळी किमान सहा महिने, वयस्करांत बहुधा वर्षभर चालू ठेवतात. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं आणि लोक म्हणतात "बघा, सवय लागली". डोस हळूहळू उतरवला की हे टळतं.

सवय लागते ती अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या गोळीची. त्या गोळीनं नैराश्य बरं होत नाही. रात्री लघवीला उठताना पडणं, खुब्याचं हाड मोडणं, विसरणं वाढणं हे मात्र होतं. पण वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही अचानक तोडू नका, फिट येऊ शकते.

---

सुमती_प

सगळी उदाहरणं काकांची आली, म्हणून काकूंबद्दल. बायकांचं काम हातासरशी चालू राहतं, त्यामुळे घरात कुणाला कळत नाही. देवाला कालचीच फुलं राहतात. कायम नेमकं पडणारं मीठ चुकायला लागतं. दोनदा चहा होतो, पण दोन्ही वेळा गार होऊन बेसिनमध्ये जातो. हळदीकुंकवाला "गुडघे दुखतात" म्हणून जाणं टळतं, पण त्याच गुडघ्यांनी घरातला जिना दिवसातून चारदा चढला जातो. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षं सेवा करणारीकडे खास लक्ष द्या. विचारपूस करणारे सगळे नवऱ्याचीच तब्येत विचारून परत जातात. तिला वेगळं, स्वयंपाकघरात बसून विचारा आणि सोबत बाईमाणूसच पाठवा.

---

समुपदेशन_टेबल

सुमतीताई, अगदी बरोबर.

उपचार सुरू झाल्यावर मंडळानं करायचं काम राहिलं होतं. "वाटेल तेव्हा या" असं म्हटलं तर नैराश्यातल्या माणसाला कधीच वाटत नाही. इच्छा नंतर येते, कृती आधी करावी लागते. छोटं काम, ठरलेली वेळ आणि सोबत कोणीतरी, असं ठेवा. पहिला आठवडा: नऊच्या आत आंघोळ आणि दहा मिनिटं अंगणात किंवा गॅलरीत उन्हात बसणं, एवढंच. दुसरा: संध्याकाळी पाचला कोणीतरी घेऊन कोपऱ्यापर्यंत आणि परत. मग वीस-तीस मिनिटं चालणं, आठवड्यातून पाच दिवस. मंडळात आणताना पहिल्यांदा पंधरा मिनिटं पुरे, गाणं म्हणायचा आग्रह नको. एखादा दिवस चुकला तर टोकू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दारात उभे राहा. भजन, प्राणायाम, ध्यान ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करावं, पण मध्यम किंवा तीव्र नैराश्यात ते गोळी आणि समुपदेशनाच्या जागी चालत नाही. "ध्यानातही मन लागत नाही, मीच पापी" असं म्हणून माणूस आणखी खचतो.

आणि कुणाकडे गेलात, काय कळलं, हे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्या दोघांनी भेट दिली त्यांनी आणि घरच्या एका माणसानं, बस. एका वहीत तारीख, झोप, जेवण, वजन आणि पुढची भेट एवढं लिहा, नावाऐवजी आद्याक्षर. वजन महिन्यातून एकदा त्याच काट्यावर घ्या. महिन्यात दोन-तीन किलो उतरलं असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.